खाडीतली पक्षी-बोटफेरी आखताना: नव्याने गाईड होणाऱ्यांसाठी

नवखा गाईड आधी रविवार बघतो, मग बोट रिकामी आहे का ते विचारतो आणि सगळं ठरल्यावर भरतीची वेळ काढतो. हा क्रम उलटा हवा. खाडीत वेळापत्रक पाणी ठरवतं. पाण्याची वेळ चुकली, तर उत्तम बोट, महागड्या दुर्बिणी आणि जाणकार गाईड असूनही लोक दोन तास गढूळ पाणी बघून परत येतात. पुढचं विवेचन मुख्यतः ठाणे खाडी डोळ्यांसमोर ठेवून केलं आहे. कोकणातल्या इतर खाड्यांनाही त्यातलं बरंचसं लागू पडतं.

पाणी आणि पक्ष्यांचं गणित

पूर्ण भरतीला चिखलाची सगळी मैदानं पाण्याखाली जातात. चिखल्या, तुतवार, पाणटिवळे, कोरल अशा चिखलात खाद्य शोधणाऱ्या पक्ष्यांना तेव्हा उभं राहायलाही जागा नसते. ते मिठागरांवर किंवा खाडीलगतच्या तळ्यांवर विसाव्याला जातात. पूर्ण ओहोटीला उलट होतं. चिखल दूरवर उघडा पडतो, पक्षी पांगतात आणि बोट मधल्या खोल पाण्यातून बाहेर येऊ शकत नाही. आपल्याला हवी असते ती मधली वेळ: चिखलाची कड बोटीच्या वाटेजवळ आलेली आणि पक्षी त्या कडेवर खाण्यात गुंतलेले.

ही मधली वेळ दिवसा बहुधा दोनदा मिळते, एकदा पाणी चढताना आणि एकदा उतरताना. नव्या माणसाने चढत्या पाण्याचीच वेळ घ्यावी. चढतं पाणी पक्ष्यांना हळूहळू कडेकडे सरकवतं, त्यामुळे थांबलेल्या बोटीसमोर ते आपसूक जवळ येतात. दुसरं आणि जास्त महत्त्वाचं कारण सुरक्षिततेचं आहे. चढत्या पाण्यात बोट गाळात टेकली तर थोड्या वेळाने पाणीच ती उचलतं. उतरत्या पाण्यात टेकली तर पुढची भरती येईपर्यंत माणसांसकट तिथेच बसावं लागतं.

वेळेचा ढोबळ अंदाज काढायची किनाऱ्यावरची जुनी रीत पक्की लक्षात ठेवा: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाला. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या आसपास. दुसरी भरती त्यानंतर साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते आणि रोजची वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. या रीतीने महिन्याचा कच्चा आराखडा पाच मिनिटांत होतो. लोकांना वेळ कळवण्याआधी मात्र छापील भरती-कोष्टकच बघायचं.

मुंबईचं कोष्टक अपोलो बंदरासाठी असतं. खाडीत आत जाल तशी भरती उशिरा पोचते. हा फरक तुमच्या जेटीवर किती आहे, ते स्वतः मोजा. जेटीच्या खांबावर दर १० सेंटिमीटरला रंगाची खूण करा आणि एक उधाणाचा (पौर्णिमा-अमावास्येजवळचा, मोठ्या चढ-उताराचा) व एक भांगाचा (अष्टमीजवळचा, कमी चढ-उताराचा) असे दोन पूर्ण दिवस दर अर्ध्या तासाने पाणी कुठे आहे ते लिहून ठेवा. बोट कोणत्या खुणेला तळाला लागते आणि चिखलाची कड कोणत्या खुणेला बुडते, या दोन नोंदी हाती आल्या की निम्मं नियोजन झालं.

मधल्या वेळचं पाणी काढायला बाराव्या भागाचा नियम वापरतात. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग चढतो. समजा, तुमच्या जेटीवर सकाळी ५.१५ ला ओहोटी ०.८ मीटर आणि ११.३० ला भरती ४.४ मीटर आहे. चढ ३.६ मीटर, म्हणजे एक भाग ३० सेंटिमीटर. पहिल्या तासानंतर पाणी १.१, दुसऱ्यानंतर १.७, तिसऱ्यानंतर २.६ आणि चौथ्यानंतर ३.५ मीटर. बोटीला १.७ मीटर लागत असेल तर सव्वासातच्या आधी निघण्यात अर्थ नाही. चिखलाची कड ३.५ ला बुडत असेल तर सव्वानऊनंतर बघायला फारसं उरत नाही. तुमची फेरी या दोन तासांत बसवायची. तिसऱ्या आणि चौथ्या तासात पाणी सगळ्यात वेगाने चढतं. त्या वेळी गाईडने बोलणं आटोपशीर ठेवावं, कारण समोरचा थवा तेवढ्यातच जागा बदलतो.

आता रविवारचा प्रश्न. सात दिवसांत भरती जवळजवळ सहा तासांनी सरकते. या रविवारी भरती साडेअकराला असेल, तर पुढच्या रविवारी त्याच सुमारास ओहोटी असणार. म्हणून एक रविवार सकाळचा, पुढचा दुपारचा, अशी पाळी लावता येते. दर रविवारी सकाळी सातला फेरी अशी जाहिरात करणाऱ्याने खाडी बघितलेलीच नसते. दुपारच्या फेरीत एक अडचण असते. समुद्रावरचा वारा दुपारनंतर जोर धरतो, आणि वारा एका दिशेने व प्रवाह विरुद्ध दिशेने असला की लाटा उभ्या चढतात. अशा दिवशी लहान मुलं आणि वयस्कर मंडळी बोटीत असतील तर फेरी आखूड करा.

पहिल्या काही फेऱ्या भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे करा. उधाणाला मुंबईजवळ चढ-उतार चार मीटरच्या आसपास किंवा जास्त जातो, भांगाला तो दीड मीटरच्या आसपास राहतो. प्रवाह सौम्य असतो आणि अंदाज थोडा चुकला तरी बोट सहसा अडकत नाही. चिखल कमी उघडतो हे खरं, पण शिकण्याच्या काळात तेवढा सौदा परवडतो.

बघायचा प्राणी बदलला की पाण्याची निवडही बदलते. चिपळूणकडे वाशिष्ठीत मगरी बघायच्या असतील तर थंडीतल्या सकाळची ओहोटी हवी, कारण काठाचा चिखल उघडा पडल्यावर त्या उन्हाला येऊन पडतात. तिथे भरतीची वेळ धरली तर रिकामे काठ दिसतील.

बोट आणि तांडेल

उथळ तळाची बोट आणि मागे लावायचं फोर-स्ट्रोक इंजिन ही जोडी खाडीला सगळ्यात बरी. जुन्या डिझेल इंजिनाची धडधड पक्षी दुरून ओळखतात, आणि त्या आवाजात गाईडचं बोलणं मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही. निघण्यापूर्वी इंजिनातून थंडाव्याच्या पाण्याची धार नीट पडते का बघा. धार बारीक झाली तर गाळ किंवा प्लास्टिक अडकलं आहे, इंजिन लगेच बंद. खाडीत पंख्यात पिशव्या आणि जाळ्याचे तुकडे हमखास गुंततात, म्हणून धारदार सुरी बोटीत पाहिजेच. तिच्यासोबत चारेक मीटरचा बांबू, पुरेशा दोरासह नांगर, प्रथमोपचार पेटी आणि पाण्यापासून जपलेला चार्ज केलेला फोन. इंधनाचे तीन भाग धरा: एक जायला, एक यायला, एक राखीव.

बोट गाळात टेकली तर पहिली चूक होते ती इंजिन रेटण्याची. पंखा आणखी खोल खणतो आणि गाळ थेट इंजिनात ओढला जातो. इंजिन उचला, टेकलेल्या टोकाकडची माणसं सावकाश दुसऱ्या टोकाला न्या आणि बांबूने मागे ढकला. ढकलायला कोणीही खाली उतरायचं नाही. तो चिखल मांडीपर्यंत खेचतो.

तांडेलाशी, म्हणजे बोट चालवणाऱ्याशी, आदल्या दिवशीच बसून बोला. कुठे जाळी लावली आहेत, कुठे खुंट पाण्याखाली जातात, गाळाचा उंचवटा या हंगामात कुठे सरकला आहे, हे त्यालाच ठाऊक असतं. मासेमारांची जाळी आणि त्यांची वाट यांना आपली फेरी आडवी जाता कामा नये. हातांच्या खुणाही ठरवून घ्या: हळू, थांब, इंजिन बंद, मागे. थव्यासमोर ओरडून सांगायची वेळ आली तर तो थवा गेलाच समजा.

थव्याजवळ जाताना

रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचा थवा शांत असताना माना खाली आणि चोची पाण्यात असतात. एकेक मान वर येऊ लागली की त्यांनी तुमची दखल घेतली. मग खाणं थांबतं, सगळे एका दिशेला तोंड करून चालू लागतात, चाल वाढते, आणि त्यानंतर धावत उड्डाण. पहिली पायरी दिसताच थांबायचं. चालू लागले असतील तर मागे यायचं. अंतर निदान शंभर मीटर राखा, पण आकड्यापेक्षा माना बघा. वर घार किंवा गरुड घिरट्या घालत असेल तर थवा दुप्पट अंतरावरूनही बिचकतो.

बोटीचं नाक थव्यावर रोखून सरळ जाऊ नये. तिरप्या रेषेत जा, प्रवाहाच्या वरच्या अंगाला वेग हळूहळू कमी करा, इंजिन बंद करा आणि बोट वाहत येऊ द्या. इंजिनाचा एकसुरी आवाज पक्षी सहन करतात, तो अचानक वाढला किंवा थांबला की दचकतात. फोटोसाठी थवा उडवा अशी मागणी बोटीत कोणी ना कोणी करतंच. तिथे ठाम नकार द्या आणि कारण सांगा: या पक्ष्यांना चिखल दर भरती-ओहोटीत मोजके तासच मिळतो. खाताना उडवलं तर तेवढी उपासमार आणि वर उड्डाणाची दमछाक. एप्रिल-मेमध्ये लांबच्या प्रवासाआधी चरबी साठवणाऱ्या पक्ष्यांना ते जास्तच महागात पडतं.

उजेडाचंही आधी ठरवा. ठाणे खाडी साधारण उत्तर-दक्षिण पसरली आहे आणि ऐरोली पूर्व काठावर आहे. सकाळी तिथून निघून थवा पश्चिमेला ठेवला की सूर्य पाठीशी राहतो, रंग स्वच्छ दिसतात. संध्याकाळी त्याच जागेवरून सगळे पक्षी काळ्या आकृत्या होतात.

बोटीतली माणसं

दहा-बारा जणांमागे एक गाईड हवा. बोट जेटीला असतानाच तीन गोष्टी सांगा. लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे बांधायचे आणि फेरी संपेपर्यंत सोडायचे नाहीत. पक्षी एका बाजूला दिसला तरी सगळ्यांनी त्या बाजूला धावायचं नाही, तांडेल बोट फिरवून दोन्ही बाजूंना दाखवेल. आणि दिशा घड्याळाने सांगितली जाईल: बोटीचं नाक म्हणजे बारा, उजवा हात तीन. "तो बघा, तिकडे" या वाक्याने कोणालाही काही दिसत नाही. "दोन वाजता, तिवराच्या टोकावर, कैकर" म्हटलं की सगळ्यांच्या दुर्बिणी एका जागी जातात.

दुर्बीण ८×४२ ची (आठपट, ४२ मिलिमीटर भिंगाची) सुचवा. बारापट दुर्बीण हलत्या बोटीत नुसती थरथरते, आणि स्कोप (तिपाईवरची मोठी दुर्बीण) बोटीवर निरुपयोगी. कॅमेऱ्याचा शटर वेग १/१६०० किंवा अधिक. ओहोटीच्या आसपास चढायचं असेल तर जेटीच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. घट्ट बसणारे, पकड असलेले बूट घालायला सांगा आणि माणसं एकेक करून उतरवा. फेरीतल्या दुखापतींची ही नेहमीची जागा आहे. स्वच्छतागृह निघण्यापूर्वी, हे लाजू नका, स्पष्ट सांगा.

काय शिकून यायचं

पिसांच्या रंगावर विसंबू नका, थंडीत निम्मे पाणपक्षी करडेच दिसतात. चोच, पाय आणि चाल बघायची सवय लावा. कोरलाची चोच खाली वळलेली, पाणटिवळ्याची लांब आणि जवळजवळ सरळ, उचाटाची वर वळलेली. उचाट चोच पाण्यात डावी-उजवी फिरवत चालतो, पाणटिवळा शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चिखलात खालवर करतो. रोहितांमध्ये छोटा रोहित उंचीला कमी, त्याची चोच गर्द लाल, दुरून काळीच वाटते. मोठ्या रोहिताची चोच फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं. दोघं एकत्र दिसले की लोकांना आवर्जून दाखवा. छोटा मुख्यतः पाण्यातलं सूक्ष्म शैवाल गाळून खातो, मोठा चिखलातले बारीक जीव. करड्या रंगाचे रोहित आजारी नसतात, ती पिल्लं मोठी होत असतात.

रोहित साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मे अखेरपर्यंत असतात. इतर स्थलांतरित पाणपक्षी त्याआधी येतात. मार्च-एप्रिलमध्ये पाणटिवळ्यांच्या मानेवर विटकरी रंग चढू लागतो. तो काळ ओळख शिकायला फार चांगला.

रोहित दिसले नाहीत, असा दिवस येतोच. त्यासाठी तिवरांच्या कडेची वीस मिनिटं राखून ठेवा. चिखलातून वर आलेली श्वसनमुळं, एक नांगी मोठी असलेला खेकड्याचा नर, पाण्याबाहेर उड्या मारत चालणारा निवटी मासा, भाग्य असेल तर कडेला कोल्हा. निवटीचे डोळे वर उचलले जाताना आणि ओलावण्यासाठी आत ओढले जाताना दुर्बिणीतून दाखवले, तर मुलं थव्याची आठवण काढत नाहीत. बुकिंग घेताना मात्र अमुक पक्षी दिसेलच असं लिहू नका.

परवानग्यांचं थोडक्यात. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झालं आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता, मिळाला. अभयारण्यात वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागू आहे, त्यामुळे फेरीआधी वन विभागाच्या कांदळवन कक्षाची परवानगी लागते. बोटीचे परवाने आणि प्रवासी क्षमता यांचे कागद स्वतः बघा, तोंडी उत्तरावर जाऊ नका. ड्रोन आणायचा नाही, हे बुकिंगच्या संदेशातच असू द्या.

काम शिकायचं असेल तर एक पूर्ण हंगाम दुसऱ्या गाईडचा सहाय्यक म्हणून काढा, आणि जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेत भाग घ्या. मोठा थवा मोजायची सवय तिथेच लागते: आधी दहा पक्ष्यांनी व्यापलेली जागा डोळ्यात भरायची, मग तेवढे तुकडे मोजायचे. प्रत्येक फेरीनंतर ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाका, त्यात वेळ आणि अंतर दोन्ही भरा. तुमच्या वहीत मात्र आणखी एक रकाना हवा, त्या त्या वेळी जेटीच्या खांबावर पाणी कोणत्या खुणेला होतं त्याचा. दोन हंगामांच्या अशा नोंदींवरून कोणत्या पाण्याला कोणता थवा कुठे असतो, हे कोष्टकापेक्षा नेमकं सांगता येतं.