ओल्या वाळूत डिटेक्टर उगाच ओरडायचा, ते असं थांबलं

इथे इंग्लंडमध्ये बीचवर मेटल डिटेक्टर (जमिनीतला धातू शोधणारं मशीन) फिरवणारे खूप, मलाही नाद लागला. जुनं मशीन सिंगल फ्रिक्वेन्सीचं, म्हणजे जमिनीत एकाच फ्रिक्वेन्सीचा सिग्नल सोडणारं, कोरड्या वाळूत एकदम शहाणं, पण भरतीच्या ओल्या पट्ट्यात गेलं की नुसतं किरकिर किरकिर. कारण खारट पाणी स्वतःच वीज वाहून नेतं आणि मशीनला तेही धातूसारखंच वाटतं. मल्टी फ्रिक्वेन्सीवालं एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी सोडून त्यांची तुलना करतं, म्हणून मिठाचा सिग्नल बराचसा वजा करू शकतं. शिवाय हाय फ्रिक्वेन्सीला बारीक सोनं सापडतं, लो फ्रिक्वेन्सीला खोलवरची मोठी चांदीची नाणी, त्यामुळे शेत आणि बीच दोन्हीला एकच मशीन चालतं.

मी मिनेलॅबचं इक्विनॉक्स ८०० घेतलं, ३ मीटरपर्यंत वॉटरप्रूफ आहे. तरी सुरुवातीला किरकिर होतीच. मग आधी बीच मोड लावला, कॉइल (खालची गोल तबकडी) स्थिर धरून नॉइज कॅन्सल केलं, म्हणजे आजूबाजूचा विजेचा गोंधळ टाळला, नंतर त्याच ओल्या वाळूवर कॉइल वरखाली करत ग्राउंड बॅलन्स, म्हणजे वाळूचा स्वतःचा सिग्नल मशीनला दुर्लक्षित करायला लावणं, आणि एवढं करूनही ओरडलं तर सेन्सिटिव्हिटी (मशीन किती बारीक सिग्नल पकडेल ते) २५ वरून हळूहळू खाली. लोक जास्त खोलवरचं सापडावं म्हणून सेन्सिटिव्हिटी फुल ठेवतात, मला ते काही पटत नाही, आवाजच आवाज असेल तर ती जास्तीची खोली काय कामाची? लाटांमध्ये उभं राहायचं असेल तर बीच २ मोड, त्यात ट्रान्समिट पॉवर (सोडलेल्या सिग्नलची ताकद) कमी होते.

धातू ओळखायला स्क्रीनवर जो नंबर दिसतो त्यावर मात्र फार भरवसा ठेवू नका, सोन्याची अंगठी आणि कॅनची रिंग जवळपास सारखाच नंबर देतात. खणाच. आणि खड्डा बुजवा राव.