‘फार त्रास देतो’ एवढेच सांगू नका: ऑटिझम असलेल्या मुलाची बाजू मांडताना या चुका टाळा

बालरोगतज्ज्ञ, थेरपिस्ट, वर्गशिक्षिका, सोसायटीचे सेक्रेटरी, लोकलमधला अनोळखी सहप्रवासी अशा अनेकांना ऑटिझम असलेल्या मुलाविषयी काहीतरी समजावून सांगण्याची वेळ मुंबईतल्या पालकांवर वारंवार येते आणि समोरच्याकडे बहुधा दोनच मिनिटे असतात. पालकांच्या बऱ्याचशा चुका याच दोन मिनिटांत होतात, कारण ते मुलाविषयीचे आपले मत सांगतात, पाहिलेले सांगत नाहीत.

‘हट्टी आहे’ हे वर्णन नव्हे

‘अजिबात ऐकत नाही’, ‘फार चिडतो’ या वाक्यांवरून कोणत्याही तज्ज्ञाला काही करता येत नाही. घटना कुठे घडली, तिच्या आधी काय झाले, ती किती वेळ चालली आणि मूल कशाने शांत झाले, एवढे चार मुद्दे वहीत त्याच दिवशी लिहून ठेवावेत. समजा, शाळेच्या डायरीत ‘मुलगी इतरांना ढकलते’ असा शेरा आला. नीट चौकशी केल्यावर कळते की मधल्या सुट्टीची घंटा झाली की जिन्यात झुंबड उडते, तेव्हा ती आधी दोन्ही कान दाबून धरते आणि त्यानंतर समोर येणाऱ्याला ढकलते. वर्गात मात्र असे कधीच होत नाही. आता शाळेकडे मागण्यासारखे काहीतरी नेमके हाती आले: तिला घंटेच्या पाच मिनिटे आधी खाली जाऊ द्यावे. शेऱ्यावर वाद घालून हे साधले नसते.

मुलाच्या बोलण्याबाबतही हेच लागू होते. ‘पुढील स्टेशन दादर’ ही घोषणा दिवसभर घोळवणाऱ्या मुलाला गप्प करण्याची घाई होते, परंतु ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी उच्चारणे हा अनेक ऑटिस्टिक मुलांचा संवाद साधण्याचा मार्ग असतो. ते वाक्य चपला दिसल्यावर येते की कंटाळा आल्यावर, हे टिपून ठेवले तर कदाचित त्याला बाहेर जायचे आहे, असा त्याचा अर्थ निघेल. स्पीच थेरपिस्टला ही नोंद फार उपयोगी पडते.

‘त्याचा बाबाही उशिराच बोलला’

घरातल्या वडीलधाऱ्यांचा हा दिलासा प्रेमापोटीच असतो, पण त्यावर विसंबून वर्ष घालवू नये. हाक मारल्यावर मूल वळून पाहत नसेल, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल किंवा आलेले शब्द बोलायचे थांबले असेल, तर तपासणी लांबवण्याचे कारण उरत नाही. 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी ‘एम-चॅट’ ही प्राथमिक प्रश्नावली वापरली जाते. ती निदान करत नाही, पुढे तपासायला हवे का एवढेच सांगते. त्याबरोबर श्रवणचाचणी करून घ्यावी. लहान मुलांसाठी बेरा चाचणीची (आवाजाला मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद यंत्राने मोजणाऱ्या तपासणीची) सोय असते आणि वांद्रे रेक्लमेशन येथील अली यावर जंग संस्था याच क्षेत्रात काम करते. निदानाच्या तारखेची वाट पाहत असतानाही थेरपी सुरू करता येते, हे पुष्कळ पालकांना कुणी सांगतच नाही.

‘घरी इंग्रजीच बोला’

इंग्रजी शाळेत प्रवेश घेतला की हा सल्ला हमखास मिळतो आणि मग आजी-आजोबा मुलाशी बोलणेच कमी करतात. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलाचा भाषाविकास मागे पडतो, असे आतापर्यंतच्या संशोधनात आढळलेले नाही. आईवडिलांना सहज येते ती भाषाच घरात असावी. शब्द येत नसतील तर चित्रांच्या साहाय्याने बोलण्याचे आयआयटी मुंबईत तयार झालेले ‘जेलो’ हे अॅप वापरून पाहावे. चित्रे वापरल्याने मूल बोलायचे विसरेल, ही भीती निराधार आहे.

शाळेशी तोंडी व्यवहार

प्रवेशाच्या वेळी निदान लपवणे ही चूक समजण्यासारखी आहे, कारण नकाराची भीती खरी असते. तरीही ती महागात पडते, कारण न सांगितलेल्या अडचणीसाठी शाळेकडून सवलत मागता येत नाही. ‘आमच्याकडे अशा मुलांसाठी सोय नाही’ हे उत्तर तोंडी ऐकून परत येणे ही त्याहून मोठी चूक आहे. प्रवेशाचा अर्ज, त्यातील विनंती आणि शाळेचा नकार हे सर्व लेखी असावे. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यावी, ती मिळत नसेल तर ईमेल करावा.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 16 नुसार शासनमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश देणे आणि गरजेनुसार वाजवी सवलती पुरवणे अपेक्षित आहे. 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयोगटातील मुलांना कलम 31 नुसार मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तक्रार करायची वेळ आलीच, तर महानगरपालिकेचा शिक्षण विभाग आणि पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तालय येथे हेच कागद कामाला येतात. मात्र पहिल्याच भेटीत कलमे वाचून दाखवू नयेत. वर्गशिक्षिकेला मुलाच्या आवडी, भीती आणि शांत होण्याचे उपाय लिहिलेले एक पान दिले तर त्याचा परिणाम अधिक होतो. शॅडो टीचर, म्हणजे वर्गात मुलासोबत राहणारी मदतनीस शिक्षिका, हवीच असे शाळेने सांगितल्यास ती नेमके कोणते काम करणार, किती काळ करणार आणि खर्च कोण करणार, हे आधी लिहून घ्यावे.

प्रमाणपत्र टाळणे

‘शिक्का बसेल’ या धास्तीने दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांग व्यक्तीचे ओळखपत्र) काढायचे राहून जाते. केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून नेमून दिलेल्या रुग्णालयात तपासणी होते. ऑटिझमसाठी 40 बाबींची ‘इसा’ मापनश्रेणी वापरतात. तिथेही मुलाचा त्या दिवशीचा शांत चेहरा पाहून अंदाज बांधला जाऊ नये, म्हणून वही आणि थेरपीचे अहवाल सोबत न्यावेत. प्रमाणपत्रावर मुदत असल्यास नूतनीकरणाची तारीख टिपून ठेवावी. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो आणि त्यात ठरावीक मर्यादेत थेरपीचा खर्चही येतो.

‘बरा करून देतो’

ऑटिझम हा मेंदूच्या जडणघडणीतील फरक आहे. लसीमुळे तो होतो, हा 1998 मधील शोधनिबंधातला दावा खोटा ठरला आणि 2010 मध्ये तो निबंध मागे घेण्यात आला; तरीही त्याचे संदेश पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांत फिरतातच. मूलपेशी (स्टेम सेल) उपचारांचे पॅकेज विकणाऱ्यांपासून दूर राहावे, कारण ऑटिझमवर त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही आणि खर्च मात्र घर गहाण पडावे असा असतो. स्पीच थेरपिस्ट, पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. तो क्रमांक निःसंकोच विचारावा. त्याबरोबर ‘तीन महिन्यांनी घरात आम्हाला नेमका कोणता बदल दिसेल?’ हेही विचारावे आणि मिळालेले उत्तर तारखेसह त्याच वहीत लिहून ठेवावे.