स्टॉपर घडवताना: तालुक्याच्या मैदानावरचा सेंटर-बॅक

परभणी, बीड, हिंगोलीकडच्या शाळांच्या फुटबॉल संघांत एक रीतच पडून गेली आहे. चपळ पोरगं पुढे खेळवायचं आणि अंगानं थोराड, पण बॉल धड मारता न येणारं पोरगं मागे उभं करायचं. असा स्टॉपर (सेंटर-बॅक, म्हणजे गोलसमोरचा मधला बचावपटू) तालुका पार करतो आणि जिल्ह्याला उघडा पडतो.

निवडीच्या बाबतीत वेल्सचा माजी कर्णधार अ‍ॅशली विल्यम्सची कारकीर्द डोळ्यांपुढे ठेवावी. वेस्ट ब्रॉमविचच्या युवा संघानं त्याला सोळाव्या वर्षी सोडून दिलं. मग हेडन्सफर्ड टाउन या लीगबाहेरच्या छोट्या संघाकडून खेळताना त्यानं पोटासाठी पेट्रोल पंपावरही काम केलं. पुढे स्टॉकपोर्ट काउंटी, 2008 मध्ये स्वॉन्झी आणि 2011 मध्ये स्वॉन्झीबरोबरच प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सर्वांत वरची लीग. तेव्हा तो सत्ताविशीला टेकला होता. जन्म इंग्लंडमधला, पण आजोबांच्या नात्यानं वेल्सकडून 86 सामने खेळला. म्हणून चौदाव्या वर्षीच्या चाचणीत गळालेलं पोरगं बाद धरू नका. स्टॉपरचा अंदाज सामने खेळूनच पिकतो, त्याला वेळ लागतो.

आधी पाय, मग टॅकल, म्हणजे पाय घालून बॉल काढणं. समोरच्यापासून दीड ते दोन मीटर अंतर, एक पाय पुढे, अंग तिरकं, गुडघे वाकलेले, वजन चवड्यांवर. कबड्डी खेळलेल्या पोरांना हा पवित्रा लवकर जमतो, फक्त हात आवरायला शिकवावं लागतं. गोलच्या बाजूची वाट आपण अडवायची आणि साइडलाइनकडची मोकळी ठेवायची. नजर बॉलवर; खांद्याच्या हुलकावणीला भुलायचं नाही. बॉल त्याच्या पायापासून लांब गेला की त्याच क्षणी पाय घालायचा. घाई केली की काय होतं ते 2016 च्या युरो या युरोपातल्या देशांच्या स्पर्धेतल्या उपउपांत्य सामन्यात दिसलं. 55 व्या मिनिटाला वेल्सच्या हॅल रॉब्सन-कानूनं पेनल्टी बॉक्समध्ये एकच वळण घेतलं, बेल्जियमचे तीन खेळाडू नको त्या दिशेला गेले आणि गोल झाला. तिघांपैकी एक जरी जागेवर थांबला असता तरी शॉट अडला असता. सरावासाठी फक्कीनं 10 बाय 5 मीटरची पट्टी आखा आणि एकास एक खेळवा. पहिले 5 सेकंद टॅकल बंद, फक्त मागे सरकत वाट अडवायची. पोरं कंटाळतात, तरी हे सोडू नका.

आपल्याकडे हेडर, म्हणजे डोक्यानं बॉल मारणं, शिकवतच नाहीत, बॉल आला की डोकं लावायला सांगतात. बारा वर्षांखालच्या मुलांना तर सरावात हेडर देऊच नये. इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्येही प्राथमिक शाळेच्या वयात तो टाळतात. मोठ्यांसाठी 5 नंबरचा बॉल, वजन 410 ते 450 ग्रॅम. पंप मारून दगड करू नका. अंगठ्यानं दाबला तर किंचित दबला पाहिजे. चिखलात भिजून जड झालेला बॉल हेडरला घेऊ नका.

कडुलिंबाच्या मजबूत फांदीला जाळीत बॉल टांगा, मुलाच्या डोक्यापेक्षा 30 ते 40 सेंटीमीटर वर. तीन-चार पावलं तिरकं धावत येऊन एका पायावर उडी, मान ताठ, तोंड मिटलेलं, डोळे उघडे, आणि केसांच्या रेषेखालच्या सपाट कपाळानं मार. आठवड्यातून दोनदा, एका वेळी दहाच हेडर. जमलं की आठ-दहा मीटरवरून हातानं फेकलेला बॉल, त्यानंतर क्रॉस, म्हणजे कडेकडून गोलसमोर उंच टाकलेला बॉल.

बॉल सरळ वर उडाला तर समजा, डोळे मिटले आणि टाळू लागली. बॉल लुळा पडला तर उडी लवकर झाली, खाली येताना बॉल लागला. बचावात बॉलच्या खालच्या अर्ध्या भागावर मारून तो उंच, लांब आणि कडेला घालवायचा. गोल करायचा असेल तर वरच्या अर्ध्यावर, म्हणजे बॉल जमिनीकडे जातो.

धाव किती कामाची असते ते त्याच वेल्स-बेल्जियम सामन्यात कळतं. 1 जुलैला लीलमध्ये बेल्जियम 1-0 नं पुढे होतं. 31 व्या मिनिटाला रॅम्सीच्या कॉर्नरवर विल्यम्सनं धावत येऊन हेडरनं बरोबरी साधली. वेल्सनं सामना 3-1 असा जिंकला. पाच दिवसांनी ल्यॉनमध्ये उपांत्य सामन्यात 50 व्या मिनिटाला पोर्तुगालच्या रोनाल्डोनं वेल्सच्या बचावपटूच्या वर उडी घेऊन हेडर मारला. पोर्तुगाल 2-0 नं जिंकलं. जागेवरून उडणारा धावत येणाऱ्याला हवेत क्वचितच पुरतो. त्यामुळे कॉर्नरला आपण धरलेल्या समोरच्या खेळाडूच्या वाटेत अर्धं अंग आधीच आणून त्याची धाव मोडा. हात मात्र लावू नका, पेनल्टी जाते.

तोंड बंद ठेवणारा स्टॉपर अर्धाच. चार शब्द ठरवून टाका: ‘माझा’, ‘सोड’, ‘वर चला’, ‘मागं माणूस’. पास सुटताना समोरचा खेळाडू आपल्या बचावफळीच्या मागे सापडावा, म्हणजे ऑफसाइड व्हावा, म्हणून वर यायचं ते समोरचा बॉल मागे खेळतो तेव्हा. त्याची नजर पुढे आणि पाय मोकळा असताना वर आलात तर मागच्या जागेत पास पडलाच म्हणून समजा. थ्रो-इन, गोलकिक आणि कॉर्नरवर थेट ऑफसाइड नसतो, हे सामन्याआधी पोरांना विचारून बघा.

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात बुटाला किलोभर चिकटते. भेगांमध्ये घोटे मुरगळतात, तेव्हा सरावाची पट्टी तरी बुजवून, पाणी मारून रोलर फिरवा. बुटाला आखूड रबरी स्टड बरे. धातूचे कडक जमिनीवर घसरतात. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसातला मैदान सोडायचं. दर 15-20 मिनिटांनी पाणी, घाम जास्त गेला तर ओआरएस.

शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढते. मराठवाड्यात लातूर आणि छत्रपती संभाजीनगर हे दोन विभाग. जन्मदाखला, आधार आणि शाळेचं बोनाफाइड यांतली जन्मतारीख नि नावाचं स्पेलिंग जूनमध्येच जुळवून घ्या. ऐनवेळी पोरं यातच अडकतात. निवडीसाठी व्हिडिओ पाठवायचा झाला तर निवडक टॅकल जोडू नका. मोबाइल गच्चीवर किंवा टेम्पोच्या टपावर उंच लावून पूर्ण सामना घ्या. बॉल दूर असताना स्टॉपर कुठे उभा असतो, हे त्यातच दिसतं.