सोलापूरहून इमर्सिव्ह डिजिटल गॅलरी बघायला जाताना

तिकिटावर छापलेली वेळ ही आत सोडायची असते, खेळ सुरू व्हायची नाही. सिनेमाची सवय असलेला माणूस इथंच घोळ करतो. 'सुरुवात चुकायला नको' म्हणून धापा टाकत आत शिरतो, तर भिंतीवर चित्र अर्ध्यावर आलेलं असतं. इमर्सिव्ह गॅलरीत चित्र चौकटीत टांगलेलं नसतं. चारही भिंती, जमीन आणि कधी छतसुद्धा चित्रानं भरलेलं असतं, आणि ३० ते ४० मिनिटांची एक फेरी दिवसभर पुन्हा पुन्हा चालू राहते. मधूनच आत गेलात तरी हुकत काही नाही. जिथून पाहायला सुरुवात केली ते दृश्य परत येईपर्यंत थांबायचं, एवढंच.

म्हणून काउंटरवर पहिला प्रश्न हा विचारा: एका तिकिटात दोन फेऱ्या पाहू देता का? बऱ्याच ठिकाणी देतात, काही ठिकाणी गर्दीच्या दिवशी बाहेर काढतात. परवानगी असेल तर पहिली फेरी बसून पाहा आणि दुसरी फिरून. उलटं केलं की पहिल्या फेरीत मोबाईलच वर राहतो, आणि दुसऱ्या फेरीपर्यंत पाय दुखायला लागलेले असतात.

तिकीट काढण्याआधी

'इमर्सिव्ह' या एका शब्दाखाली तीन-चार वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक म्हणजे प्रोजेक्टरनं भरलेलं दालन. पॅरिसमधलं आतेलिए दे ल्युमिएर हे त्याचं गाजलेलं उदाहरण. जुन्या ओतकाम कारखान्यात २०१८ साली ते सुरू झालं. दुसरा प्रकार आरसे आणि एलईडी दिव्यांच्या खोल्यांचा. तिसरा सेन्सरचा, म्हणजे तुमच्या हालचालीनुसार चित्र बदलतं. टोकियोतली टीमलॅब या डिजिटल कलाकारांच्या गटाची दालनं या प्रकारची. चौथा व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेटचा, ज्यात दालन कसलंही असलं तरी चालतं, कारण सगळं डोळ्यांवरच्या डब्यात असतं. तिकिटाच्या पानावर यातलं नक्की काय आहे ते शोधा. 'अद्भुत अनुभव' एवढंच लिहिलेलं असेल आणि दालनाचं क्षेत्रफळ, फेरीची लांबी, प्रोजेक्टरची संख्या यातलं काहीच दिलेलं नसेल, तर सावध राहा.

जाहिरातीतला फोटो बहुतेक वेळा संगणकावर बनवलेला असतो. त्यात माणसांच्या सावल्या नसतात आणि कोपऱ्यात एक्झिटची हिरवी पाटी दिसत नाही. खरं दालन पाहायचं तर प्रेक्षकांनी स्वतः काढून टाकलेले व्हिडिओ शोधा, आणि त्यात काळा रंग कसा दिसतो ते बघा. प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. काळ्याच्या जागी तो फक्त प्रकाश कमी करतो. त्यामुळे हलक्या दर्जाच्या दालनात रात्रीचं आकाश राखाडी दिसतं.

यामागचं गणित सोपं आहे. ल्युमेन म्हणजे प्रकाश मोजायचं माप. १०,००० ल्युमेनच्या प्रोजेक्टरनं ६ मीटर रुंद आणि सुमारे ३.४ मीटर उंच चित्र टाकलं, तर २० चौरस मीटरवर प्रकाश पसरतो, म्हणजे दर चौरस मीटरला ५०० ल्युमेन. तोच प्रोजेक्टर मागे ओढून चित्र १२ मीटर रुंद केलं की क्षेत्र चौपट होतं आणि प्रकाश सव्वाशेच्या आत येतो. भाड्याचे प्रोजेक्टर वाचवायला आयोजक नेमकं हेच करतात. एवढ्याशा प्रकाशात कुणी दार उघडलं किंवा चार जणांनी मोबाईलची टॉर्च लावली की भिंत धुऊन निघाल्यासारखी फिकट दिसते.

मोठ्या भिंतीवर एका प्रोजेक्टरचं काम भागत नाही, म्हणून शेजारशेजारच्या दोन चित्रांच्या कडा साधारण १० ते २० टक्के एकमेकींवर चढवतात आणि त्या पट्ट्यात दोन्हीकडचा प्रकाश हळूहळू उतरवतात. हा जोड नीट बसला नसेल तर उभा उजळ पट्टा दिसतो किंवा रेघ दोनदा उमटते. जॅकार्डच्या मागावर चादर बघितलेल्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. तिथंही अख्खी नक्षी ओळीओळीत फोडून छिद्रांच्या पत्त्यांवर चढवतात, आणि एक पत्ता चुकला की फुलाचा देठ सरकतो.

व्हॅन गॉग, मोने, क्लिम्ट हीच नावं सगळीकडे का दिसतात? कारण हक्काचे पैसे द्यावे लागत नाहीत. चित्रकाराच्या मृत्यूनंतर भारतात ६० आणि युरोपात ७० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. व्हॅन गॉग १८९० साली गेला, क्लिम्ट १९१८ साली, मोने १९२६ साली. त्यामुळे व्हॅन गॉगच्या नावाचे खेळ एकाच वेळी अनेक कंपन्या लावतात. नाव तेच असलं तरी दर्जा तोच असेल असं समजू नका. हेही लक्षात असू द्या की 'द स्टारी नाइट' हे मूळ चित्र जेमतेम ७४ बाय ९२ सेंटिमीटरचं आहे, अंगावर घ्यायच्या सोलापुरी चादरीच्या पाव भागाएवढंही नाही. भिंतभर दिसतात ते त्याचे ताणलेले, हलते केलेले तुकडे.

जायचं कसं

मोठे खेळ बहुतेक मुंबई-पुण्यात लागतात, तेही काही आठवड्यांपुरते. आधी रेल्वेचं तिकीट काढा आणि त्याच बैठकीत गॅलरीचं. रेल्वेचं रद्द केलं तर थोडे पैसे कापून बाकीचे परत मिळतात. गॅलरीचं तिकीट सहसा परत घेत नाहीत.

पुण्यासाठी हुतात्मा एक्सप्रेस सोयीची. सकाळी साडेसहाच्या सुमारास सोलापूर सोडते, साडेदहाच्या आसपास पुण्यात, आणि संध्याकाळी सहाला परत निघते. बाराचा स्लॉट घेतला तर दोन फेऱ्या, जेवण आणि वाटेतली कोंडी धरूनही साडेपाचपर्यंत स्टेशन गाठता येतं. तीनचा स्लॉट घेऊ नका.

मुंबईला वंदे भारतनं एका दिवसात जाऊन येण्याचा मोह होतो. ती सकाळी ६.०५ ला निघून साडेबाराच्या पुढे सीएसएमटीला पोचते आणि दुपारी ४.०५ ला परत निघते. हातात साडेतीन तास उरतात. त्यात वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत (बीकेसी) जाऊन दोन फेऱ्या पाहून परतायचं म्हणजे सगळं लक्ष घड्याळाकडे. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसनं जा, सकाळचा पहिला स्लॉट घ्या आणि रात्रीच्याच गाडीनं परत या. सीएसएमटीहून बीकेसीला मेट्रो ३ थेट जाते. निघण्याआधी वेळा एकदा तपासा. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत आणि आषाढी-कार्तिकीला गाड्या तुडुंब असतात, तो आठवडा टाळलेलाच बरा.

दिवस कोणता? मंगळवार ते गुरुवार, सकाळचा पहिला स्लॉट. तिकीट बऱ्याचदा स्वस्त असतं आणि जमीन रिकामी मिळते. खालच्या चित्रावर शंभर माणसं उभी असतील तर निम्मा खेळ पायाखाली जातो.

गावातच, एखाद्या मैदानावर फुगवलेल्या घुमटात खेळ लागला तर मात्र हिशेब उलटा. तिथं दिवसाचा उजेड कापडातून आणि दाराच्या फटींतून झिरपतो. मे महिन्यात सोलापुरात सूर्य सातच्या जरा आधी मावळतो, म्हणून साडेसातच्या पुढचा स्लॉट घ्या. दुपारी बाहेर ४२-४३ अंश असताना त्या घुमटात प्रोजेक्टरची उष्णता मिळून कूलरही हात टेकतो.

कपडे, चपला, पिशवी

अंगावर चित्र उतरावं असं वाटत असेल तर पांढरे, साधे सुती कपडे घाला. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज धरणाऱ्यांची पांढरी बाराबंदी या कामाला झकास, पण शर्टानंही भागतं. काळ्या कपड्यांत तुम्ही फक्त आकृती म्हणून दिसाल, आणि फोटोत तेही कधीकधी छान दिसतं. टिकल्या, जर आणि चमकी टाळा. खालच्या जमिनीला आरसे असतील तर साडी किंवा घेरदार झगा नको, पँट किंवा सलवार घाला. टोकियोच्या टीमलॅब प्लॅनेट्समध्ये अनवाणी, गुडघ्यापर्यंत पाण्यातून चालावं लागतं. तशा ठिकाणी गुडघ्यावर दुमडता येईल अशीच पँट हवी.

चपला काढायला लागतील हे धरून चला आणि मोजे घाला. मोठी पिशवी, ट्रायपॉड, सेल्फी स्टिक बहुतेक ठिकाणी बाहेर ठेवायला लावतात. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा लॉकरमध्ये जाऊ द्या. चटणीच्या तेलाचे हात सेन्सरच्या भिंतीला लागले तर कर्मचारी काय म्हणेल ते सांगायला नको.

आत गेल्यावर

उन्हातून आल्या आल्या पुढं सरकू नका. दाराशी, बाजूला, पाच ते दहा मिनिटं उभे राहा. डोळे अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतोच, पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं. ज्येष्ठांना आणखी जास्त.

मग वर पाहून प्रोजेक्टर शोधा. प्रोजेक्टर आणि भिंत यांच्यामध्ये आलात की तुमचीच सावली चित्रावर पडणार. ते छताला असतील तर भिंतीपासून दोन-तीन मीटर मागे राहिलं की सहसा भागतं. बसायची उत्तम जागा म्हणजे दालनाच्या लांबीच्या एक तृतीयांशावर, खांब असेल तर त्याला पाठ टेकून. तिथून दोन भिंती, कोपरा आणि बरीचशी जमीन एकदम दिसते. ऐन मध्यभागी बसलात तर अर्धं चित्र कायम पाठीमागं राहतं. स्पीकरखाली बसू नका, विशेषतः लहान मूल मांडीवर असेल तर.

सेन्सरच्या दालनात लोक हात जोरजोरात हलवतात आणि 'चालत नाही' म्हणून पुढं जातात. वरचा कॅमेरा तुमचा आकार ओळखतो आणि संगणक चित्र बदलतो, यात क्षणभर जातो. हळू हला. टीमलॅबच्या फुलांच्या कलाकृतीत तर स्थिर उभं राहिलं की फुलं दाटतात आणि चालायला लागलं की गळतात. म्हणजे तिथं काही न करणाऱ्यालाच जास्त मिळतं! एका कोपऱ्यात तीन-चार मिनिटं निमूट थांबा आणि दुसरे काय करतात ते बघा.

पोटात ढवळायला लागलं तर घाबरू नका. भिंती सरकतात, शरीर मात्र स्थिर असतं, त्यामुळे मेंदू गोंधळतो. जमिनीवर बसा आणि न हलणाऱ्या वस्तूकडे पाहा. एक्झिटची पाटी त्यासाठी चांगली. डोळे मिटले तरी चालतं. गच्च जेवून जाऊ नका, उपाशीही नको. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा असणाऱ्यांनी जमिनीवरचं चित्र फिरत असताना चालू नये, कारण खालच्या भिंगातून पायरी कुठं आणि रंग कुठं ते कळत नाही. आजी-आजोबांचा हात धरा आणि त्यांना समोरच्या भिंतीकडे पाहायला सांगा.

एक गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नका. कुणाला मिरगी म्हणजे एपिलेप्सी असेल तर लखलखणाऱ्या दिव्यांचं दालन वगळाच. सेकंदाला १५ ते २५ वेळा होणारी उघडझाप सगळ्यांत धोक्याची. तिकीट काढतानाच 'स्ट्रोब, म्हणजे लखलखणारे दिवे, आहेत का' हे विचारा. दाराशी लावलेली सूचना अंधारात कुणी वाचत नाही.

मोबाईल

भिंग रुमालानं पुसा. फ्लॅश बंद करा. तो भिंतीवरचं चित्र पुसतो आणि शेजारच्याच्या डोळ्यांना त्रास देतो. ०.५ची वाइड लेन्स अंधारात कमजोर असते, १ची मुख्य लेन्सच वापरा. स्क्रीनवर उजळ भागावर बोट दाबून धरून एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) लॉक करा आणि सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. असं केलं नाही तर फोन अंधार बघून सगळं उजळ करतो आणि रंग जळतात. नाइट मोड बंद ठेवा. तो अनेक फोटो जोडून एक बनवतो, आणि हलत्या चित्रात त्याचा चिखल होतो.

व्हिडिओत आडवे किंवा रंगीत पट्टे सरकताना दिसले तर फोन बिघडलेला नाही. प्रोजेक्टरची लुकलुक आणि कॅमेऱ्याचा वेग जुळत नाही. प्रो मोडमध्ये शटर १/५० करून पाहा, तरी पट्टे राहिले तर १/६०. माणसाचा फोटो काढताना त्याला भिंतीला चिकटवू नका. दीड-दोन मीटर पुढं उभं करून तोंड शेजारच्या भिंतीच्या उजेडाकडे वळवा, म्हणजे चेहऱ्यावर रंग पडतो आणि मागचं चित्रही स्वच्छ येतं.

खेळात खरंच बिघाड असेल, म्हणजे एखादी भिंत काळी, आवाज एकाच बाजूनं किंवा जोड सरकलेला, तर बाहेर येऊन तक्रार करण्यात अर्थ नाही. आतल्या कर्मचाऱ्याला तेव्हाच दाखवा आणि पुढच्या फेरीला थांबू द्या म्हणा. प्रोजेक्टर पुन्हा सुरू करायला काही मिनिटं लागतात आणि फेरी मध्येच थांबवत नाहीत, त्यामुळे दुरुस्ती झाली तरी ती तुम्हाला पुढच्या फेरीतच दिसेल.

मुंबईत असाल आणि दुपार मोकळी असेल तर काळा घोड्याजवळच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जा. सोमवारी बंद असतं. भिंतभर मोठ्या झालेल्या ब्रशच्या फटकाऱ्यांनंतर खऱ्या कॅनव्हाससमोर फूटभरावर उभं राहिलं की रंगाचा थर कुठं जाड आहे आणि कुठं कापड दिसतंय ते आपसूक शोधायला लागतो. तिथं मात्र हात लावायचा नाही.