हृदयात गाठ असलेल्या रुग्णाला इतर शस्त्रक्रियेसाठी भूल देताना या चुका टाळा

आंब्याच्या हंगामात झाडावरून पडून मांडीचे हाड मोडलेला रुग्ण देवगड किंवा रत्नागिरीच्या रुग्णालयात येतो, छाती तपासताना मर्मर (हृदयाच्या ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकू येते, आणि संधिवाताच्या तापाने अरुंद झालेली मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) आपल्याकडे इतकी परिचित आहे की इको (हृदयाची सोनोग्राफी) न करताच तेच निदान कागदावर चढते. पहिली चूक ही. प्रौढांच्या हृदयातील प्राथमिक गाठींत सर्वाधिक आढळणारा मिक्सोमा सुमारे ७५ टक्के वेळा डाव्या कर्णिकेत (हृदयाच्या वरच्या कप्प्यात), बहुधा देठाने दोन कर्णिकांमधल्या पडद्याला लोंबकळत असतो आणि त्याच झडपेच्या आजाराचे सोंग घेतो. स्थिती बदलली की लोंबकळती गाठ सरकते, म्हणून कोणत्या कुशीवर दम लागतो, उठून बसल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते का, हे विचारायला दोन मिनिटे पुरतात. ‘पित्ताची चक्कर’ या घरच्यांच्या उत्तरावर मात्र थांबू नये.

हर्नियासारखी शस्त्रक्रिया थांबू शकत असेल, तर आधी गाठ काढून घ्यावी. त्यासाठी रुग्णाला घाट चढून कोल्हापूरला पाठवताना सवयीने सपाट निजवू नये. ज्या स्थितीत त्याला श्वास सोपा जातो, तीच ठेवावी.

शस्त्रक्रिया टाळता येण्यासारखी नसेल, तर सर्वांत महागात पडते ती एकाच वेळी पूर्ण मात्रेत दिलेली स्पायनल (पाठीच्या कण्यात सुईने दिलेली भूल). रक्तवाहिन्या सैलावतात, हृदयाकडे परतणारे रक्त घटते आणि गाठ झडपेच्या तोंडाशी अडकू शकते; शिवाय ती सुई टोचण्यासाठी रुग्णाला नेमके बसवावे किंवा कुशीवर वळवावे लागते. सवयीने दिलेले ग्लायकोपायरोलेट हे औषधही नाडी वाढवून डावी जवनिका (हृदयाचा खालचा कप्पा) भरण्याचा वेळ खाते. रक्तदाब कोसळला की हात आपोआप इफेड्रिनकडे, म्हणजे रक्तदाबाबरोबर नाडीही वाढवणाऱ्या औषधाकडे, जातो. येथे नाडी न वाढवता रक्तवाहिन्या आवळणारे फिनाइलेफ्रिन अधिक योग्य, पण त्याआधी रुग्णाची स्थिती बदलून पाहावी आणि शक्य असल्यास इकोचा प्रोब छातीवर ठेवावा. द्रव बेताने द्यावा, कारण अडथळ्यामागे तुंबलेले रक्त फुप्फुसांत पाणी साठवते.

गाठ उजव्या कर्णिकेत असेल, तर मानेतून सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) घालताना तिच्या वाटाड्या तारेचे टोक तिथवर पोहोचू देऊ नये, कारण तुकडा सुटून फुप्फुसात जाऊ शकतो. हेपरिन हे रक्त गोठू न देणारे औषध चालू आहे म्हणून निर्धास्त राहणेही चूक; ते गुठळी रोखते, गाठीचा तुकडा नव्हे. डाव्या बाजूच्या गाठीचा तुकडा मेंदूत किंवा पायांत गेलेला असू शकतो, म्हणूनच भूल उतरताच रुग्णाला चारही हातपाय हलवायला सांगावे, बोलते करावे आणि पायांच्या नाड्या चाचपाव्यात. पहिल्या रात्री हे दर तासाला करावे.