एसीत गॅस भरण्याआधी दोन तांबे पाणी

जुन्या पिकअपचा एसी हायवेला गार लागतो, पण टोलनाक्यावर गाडी उभी राहिली की कोमट हवा फेकतो? लगेच गॅस भरायला पैसे घालू नका. आधी एवढं करा.

१. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून चालू ठेवा. एसी फुल.
२. पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर (रेडिएटरच्या पुढची जाळी) दोन-तीन तांबे पाणी सावकाश ओता.
३. मिनिटा-दोन मिनिटांत हवा गार झाली, तर गॅस बहुतेक ठीक आहे. कंडेन्सरला वारा मिळत नाहीये.

मग एसी चालू असताना कंडेन्सरचा पंखा फिरतो का बघा. फिरत नसेल तर आधी फ्यूज बघा, मग रिले (पंख्याचा करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच). पंखा ठीक असेल तर इंजिन थंड झाल्यावर साध्या पाइपने हलक्या धारेनं कंडेन्सर धुवा. आमच्या गाडीत कडब्याचा भुसा आणि मेलेले किडे इतके अडकले होते, की पहिली पाच मिनिटं नुसतं काळं पाणी येत होतं. वॉशिंग सेंटरची प्रेशरची धार मात्र नको, पातळ पात्या लगेच वाकतात.

इंजिन चालू असताना पंख्याजवळ हात किंवा उपरणं नेऊ नका. थांबलेला पंखाही अचानक सुरू होतो.