कायाकवरून मासे धरायचे तर फिटनेसचं टार्गेट पाण्यावरून ठरवा

मागच्या हिवाळ्यात रामटेककडच्या एका तलावावर सकाळी साडेसहाला कायाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची छोटी होडी, पाण्यात टाकली, वारा पाठीमागून होता, मस्त पॅडल (दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं) मारत पलीकडच्या काठाला गेलो, दीड-दोन किलोचा एक रोहू पण लागला, आणि दहा वाजता परत फिरलो तर तोच वारा आता थेट तोंडावर. जाताना वीस-पंचवीस मिनिटं लागली होती, येताना सव्वा तास लागला. खांदे भरून आले, कंबर धरली, आणि काठावर पोचल्यावर कायाक उचलून गाडीपर्यंत न्यायची ताकदच नव्हती, मावसभाऊ आला तेव्हा ती गाडीवर चढली. आणि त्या वेळी मी आठवड्यातून चार दिवस जिमला जात होतो, वजनही चार किलो कमी केलं होतं. मेहनत होती पण ती पाण्यावर कामाची नव्हती. तेव्हापासून मी टार्गेट ठरवायची पद्धतच बदलली, ती इथं सांगून राहिलो.

आधी एक वही घ्या. शेवटच्या दोन-तीन ट्रिप आठवा आणि शरीर कुठे कमी पडलं ते साध्या शब्दात लिहा. "परत येताना हात गेले." "दोन तासांनंतर कंबर दुखली." "उतरताना पाय बधिर होते, उभं राहता येईना." "कायाक एकट्याला चढवता येत नाही." "उलटली तर परत वर बसता येईल का, कधी करून पाहिलंच नाही." बस, हीच तुमची टार्गेटची यादी. "पोट कमी करायचं", "स्टॅमिना वाढवायचा" असं काही लिहू नका, कारण स्टॅमिना वाढला हे कळणार कसं? प्रत्येक ओळीपुढे एक आकडा आणि एक तारीख आली पाहिजे. "परत येताना हात गेले" याचं टार्गेट होईल "दिवाळीपर्यंत समोरच्या वाऱ्यात न थांबता ४५ मिनिटं पॅडल".

आणि यादीतली तीनच घ्या एका वेळी. नोकरी, घर सांभाळून तीनच्या वर होत नाही भाऊ, मी सहा घेऊन पाहिली, दुसऱ्या आठवड्यात सगळीच सुटली.

तारखेचं म्हणाल तर आपल्या नागपूरकडे पोळा ते दिवाळी हा काळ एकदम जमून येतो. पोळ्याची अमावस्या ते लक्ष्मीपूजनाची अमावस्या, बरोबर दोन महिने, म्हणजे आठ आठवडे आणि वर दोन-तीन दिवस. पावसाळ्यात तसंही तलाव-नद्या भरून वाहत असतात, माशांचा विणीचा काळ असतो, तेव्हा पाण्यात जाऊच नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबतीची मिरवणूक पाहून आले की दुसऱ्या दिवशी वही उघडायची, आणि दिवाळीनंतर नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपला खरा सीझन.

सुरुवातीचा आकडा मोजल्याशिवाय टार्गेट लिहू नका

पाणी जवळ असेल तर काठाच्या कडेकडेने ५०० मीटर पॅडल मारा आणि मोबाईलवर वेळ बघा. फिशिंगची कायाक रुंद आणि जड असते, शांत पाण्यात तिचा आरामशीर वेग ताशी चार ते पाच किलोमीटर धरा, म्हणजे ५०० मीटरला सहा ते साडेसात मिनिटं. वारा समोरून असला की हा वेग अर्ध्यावर पण येऊ शकतो, म्हणून शांत पाण्यातला आकडा पाहून खूश होऊन लांब जाऊ नका. मी स्वतःसाठी एक नियम केला आहे, न थांबता जितका वेळ पॅडल मारता येते त्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त वेळ काठापासून लांब जायचं नाही, आणि शक्य तेव्हा जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जायचं म्हणजे दमल्यावर वाराच घरी आणतो. आज तुमची क्षमता ३० मिनिटं असेल तर दहा मिनिटांच्या पलीकडे नाही. ती ६० झाली की वीस. बघा, इथे फिटनेसचं टार्गेट आणि मासे कुठपर्यंत मिळतील हे एकमेकांना जोडलं गेलं, मग सकाळी पाचला उठायला कोणी सांगावं लागत नाही.

पाणी जवळ नसेल तर घरी मोजा. जमिनीवर पाय समोर पसरून, गुडघे थोडे वाकवून, भिंतीला न टेकता पाठ सरळ ठेवून किती मिनिटं बसता येते? आपल्याला मांडी घालून बसायची सवय आहे, पण कायाकमध्ये बसायची पोझिशन दंडासनाच्या जवळची असते, आणि मांडीच्या मागची शीर आखडलेली असली की कंबर मागे गोल होते आणि तिथून सगळं दुखणं सुरू होते. पाच मिनिटांत पाठ वाकली तर तुमचं पहिलं टार्गेट तिथेच सापडलं.

हात नाही, धड

बहुतेक जण हातांनी पॅडल मारतात आणि मग दंडाचे व्यायाम वाढवतात. पॅडलची ताकद धडाच्या वळण्यातून आणि पायाच्या रेट्यातून येते. डाव्या बाजूला पॅडल पाण्यात घातलं की डावा पाय फूटरेस्टवर दाबायचा आणि छाती वळवत पॅडल मागे आणायचं, हात जवळपास सरळच. दांडा घट्ट आवळू नका, बोटं सैल, नाहीतर मनगट आणि कोपर पहिले जातात.

त्यामुळे घरचा व्यायाम पण तसाच निवडा. रेझिस्टन्स बँड, म्हणजे व्यायामाचा रबरी पट्टा, खिडकीच्या गजाला बांधून बसून ओढायचा, म्हणजे रोइंग, १२ वेळा, तीन सेट. मग तोच बँड बाजूला बांधून दोन्ही हातांनी छातीसमोर धरून उभं राहायचं आणि हात पुढे ढकलायचे, बँड तुम्हाला वळवायला बघते आणि तुम्ही वळायचं नाही, पोटाच्या बाजूच्या स्नायूंना हा फार चांगला. प्लँक, म्हणजे कोपरं आणि पायाची बोटं टेकून अंग सरळ धरून राहणं. आणि खांद्यासाठी कोपर कमरेला चिकटवून बँड बाहेरच्या बाजूला ओढणे, हलका बँड, १५ वेळा, हा कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक सोडून देतात पण खांद्याच्या आतले छोटे स्नायू यानेच टिकतात. आपण ढकलायचे व्यायाम खूप करतो, दंड-बैठकांचीच परंपरा आहे आपली, पण पॅडल आणि गळाचा रॉड दोन्हीला ओढायची ताकद जास्त लागते, म्हणून एक सेट ढकलायचा तर दोन सेट ओढायचे.

कोपराला वेगळं सांगतो. एका सकाळी दीडशे-दोनशे कास्ट, म्हणजे रॉडने गळ लांब फेकणं, सहज होतात, आणि ते आठवड्यातून एकदाच. सोमवार ते शनिवार कॉम्प्युटरवर आणि रविवारी दोनशे कास्ट, कोपराची बाहेरची बाजू दुखणारच. एक लिटरची पाण्याची बाटली हातात धरून हाताचा पंजा टेबलाच्या कडेबाहेर ठेवा, तळवा खाली, मनगट वर उचला आणि अगदी हळू खाली सोडा, १५ वेळा, एक दिवसाआड. माझं कोपर दीड महिन्यात शांत झालं.

उचलायचं काम

फिशिंग कायाक साधारण २५ ते ४० किलोची असते, पायाने चालवायची पेडलवाली त्याहून जड. ती रोज उचलायची नसते, पण जेव्हा उचलायची असते तेव्हा तुम्ही एकतर झोपेतून उठून आलेले असता किंवा चार तास बसून आखडलेले असता, आणि पायाखाली चिखल. पाठीची दुखापत पाण्यात कमी आणि इथे जास्त होते असा माझा अनुभव आहे. यासाठी जिमच लागते असं नाही. घरी पिण्याच्या पाण्याचा २० लिटरचा कॅन येतो ना, भरलेला म्हणजे २० किलो आणि वर त्याचं स्वतःचं वजन. सुरुवातीला दोन्ही हातात अर्धे भरलेले कॅन, पाठ सरळ, गुडघे आणि खुबे वाकवून उचला आणि गच्चीवर ४० पावलं चाला. आठवड्याला एक-दीड लिटर वाढवत जा. आठव्या आठवड्यात दोन्ही कॅन भरलेले, हे टार्गेट. आणि तरीसुद्धा ट्रॉली मिळत असेल तर ट्रॉली वापरा, सोबत कोणी असेल तर दोघांनी धरा.

वजन कमी करायचं की नाही हे पण कायाकलाच विचारा. तिच्यावर जास्तीत जास्त भार लिहिलेला असतो, पण तेवढा भरला तर ती पाण्यात दबून बसते, वळत नाही आणि पाणी आत येते. त्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास राहिलं तर बरं. समजा क्षमता १५० किलो, म्हणजे तुम्ही, रॉड, अँकर, बर्फाची पेटी, पाणी सगळं मिळून १०० किलो. तुम्ही ८८ आणि सामान २० असेल तर आठ किलो जास्त होऊन राहिलं, आता ते पोटावरून कमी करायचं, सामानातून, की दोन्हीकडून थोडं थोडं, ते तुम्ही ठरवा. माझ्या बाबतीत पाच किलो सामानातूनच निघालं.

सगळ्यात महत्त्वाचं टार्गेट, जे कोणी लिहीत नाही

उलटल्यावर परत वर चढणे. यासाठी मी हात जोडून सांगतो, बाकी एकही टार्गेट ठेवलं नाही तरी चालेल पण हे ठेवा. लाइफ जॅकेट घालून, छातीएवढ्या पाण्यात, काठावर माणूस उभा ठेवून प्रॅक्टिस करा. आधी कायाक सरळ करायची, मग तिच्या मधल्या भागाला बाजूने दोन्ही हातांनी धरून पाय मागे पाण्यावर आडवे येईपर्यंत जोरात हलवायचे, आणि पाय मारत मारत पोटावर कायाकवर सरकायचं. पोट आलं की वळून बूड सीटवर, आणि शेवटी पाय आत. हाताने स्वतःला वर खेचायला गेलात तर ती परत तुमच्या अंगावर येते. पहिल्यांदा मला सातव्या प्रयत्नात जमलं, ते पण धापा टाकत.

टार्गेट असं लिहा, लागोपाठ तीन वेळा, प्रत्येक वेळी दोन मिनिटांच्या आत. ते झालं की पुढचं, एक तास पॅडल मारून दमल्यावर एकदा. कारण माणूस दमलेला असतानाही उलटू शकतो. तयारीसाठी स्विमिंग पूल उत्तम, खोल बाजूला शिडी न धरता काठावरून वर येता येते का बघा, पाय मारत आणि हातांनी खाली दाबत. पोहता येत नसेल तर तुमचं या वर्षीचं पहिलं टार्गेट पोहणं आहे, कायाक पुढच्या वर्षी. लाइफ जॅकेट आहे म्हणून पोहायची गरज नाही असं म्हणणारे भेटतात, ऐकू नका.

आठवडा कसा लावायचा? जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम दमवणारा व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते, तेवढाच पाया धरा. माझं असं असते, मंगळवार-शुक्रवार बँड आणि कॅन, सोमवार-बुधवार-शनिवार सकाळी फुटाळा तलावाकडे किंवा सेमिनरी हिल्सच्या चढावर ५० मिनिटं भरभर चालणं. वेग इतका की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. रात्री टीव्ही पाहताना दहा मिनिटं खाली पाय पसरून बसणं आणि मांडीमागचं स्ट्रेचिंग. गुरुवारी आराम. रविवारी पाणी, नाहीतर झोप. एका आठवड्यातून दुसऱ्यात जाताना दहा टक्क्यांच्या आसपासच वाढवा. स्नायू भरून येणं चालते, पण सांध्यात टोचल्यासारखं दुखलं की त्या दिवशी थांबा. बीपी, शुगर, हृदयाचा त्रास असेल किंवा खांदा आधी कधी निखळला असेल तर वही उघडायच्या आधी डॉक्टर.

आपल्या उन्हाचा वेगळा विचार करा. मे महिन्यात नागपूर ४५ च्या वर जाते, तेव्हा फिटनेस दाखवायला पाण्यावर जायचं काऊन? फेब्रुवारी-मार्चमध्येच ऊन वाढू लागते, आणि शरीराला त्याची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून एकदम चार तास न जाता आधी एक तास, मग दीड. तासाला अर्धा लिटर पाणी हिशोबात धरा, सोबत ओआरएस किंवा मीठ-साखर घातलेलं निंबूपाणी. सकाळी तर्री पोहे खाऊन कायाकमध्ये वाकून बसलं की जळजळते, मी दोन केळी आणि मूठभर शेंगदाणे खाऊन जातो, पोहे परत आल्यावर.

आणि जागा. तोतलाडोह पेंच व्याघ्र प्रकल्पात येते, तिथे मासेमारीला बंदी आहे, मोह होतो पण नाही. बाकी तलाव बऱ्याचदा मच्छीमार सोसायटीकडे लीजवर असतात, तिथल्या ढिवर मंडळींना आधी भेटा, परवानगी घ्या. वारा कोणत्या वेळी फिरतो, झाडाची खोडं कुठे बुडाली आहेत हे ते सांगतात, आणि त्यावरूनच मला कळलं की माझ्या तलावावर साडेनऊनंतर वारा उठतो, म्हणून आता मी नऊला परत फिरतो.

दर दोन आठवड्यांनी तेच माप परत घ्या, तेच ५०० मीटर, तेच बसणं. आकडा हलला नाही तर व्यायाम बदला, तारीख नाही. एखादा आठवडा लग्नकार्यात गेला तर मागचाच आठवडा परत करा, दोन आठवड्यांचा एकदम करायला जाऊ नका.

माझ्या वहीत या वर्षी तीन ओळी आहेत. न थांबता ६० मिनिटं पॅडल, ते ५२ वर आलं. दोन भरलेले कॅन घेऊन ४० पावलं, झालं. आणि दमल्यावर एकदा पाण्यातून वर चढणं, ते राहिलं आहे, येत्या रविवारी करतो, मावसभाऊ दोर घेऊन काठावर उभा राहणार आहे.